खिळा न ठोकता

करारनाम्यात कलम सातवं:
भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकू नये.
खाली माझी सही, बऱ्हाटेकाकूंची सही,
आणि अकरा महिने.

पश्चिमेच्या उन्हाचं कलम मात्र कुठेच नाही.
वॉर्डातून सुटून सकाळी आठला मी निजते,
तीनला ऊन भिंतीवर येतं,
चारला भिंत मला उठवते.
दिवेलागणीला तळहात ठेवून पाहिला:
भाकरी उतरवल्यावरचा तवा.
भुसावळात हे सांगायची सोय नाही कुणाला.
"यंदा काहीच नाही," म्हणतात,
"तुम्ही त्या वर्षी असायला हवं होतं."

म्हणून वेल.
यावल रस्त्याला, तापीच्या पुलाअलीकडे
जुलाल महाजनांची रोपवाटिका.
माणूस मूळचा पारोळ्याकडचा, बोलीही तिकडचीच.
कोणती वेल, असं त्यांनी विचारलंच नाही.
"भित कोनी शे, ताई? सोतानी का भाडानी?"
भाड्याची, म्हटलं.
हातात घेतलेली मधुमालती
त्यांनी खाली ठेवली.

बोगनवेल पाण्यावाचून तगते
(आमचा नळ दहाव्या दिवशी येतो),
पण काकू फोनवर म्हणाल्या, काटे नकोत, नातू येतो सुट्टीत.
जाईला संध्याकाळी घरात माणूस लागतं,
संध्याकाळी मी डबा घेऊन निघालेली.
गुळवेल इंदूमावशी फुकट आणून देत होत्या,
ती गल्लीनेच ओरबाडून नेली असती,
एकेकाच्या तापासाठी, एकेकाच्या साखरेसाठी.

सगळ्यांत शहाणी चिकटवेल:
खिळा नको, दोरी नको,
स्वतःच्या पायांनी चढते.
"उतरावतांना रंग लई जास," नाना म्हणाले,
"नि पायना ठसा रही जातस."
ते ठसे मला ठाऊक आहेत.
सलाईनची पट्टी काढल्यावर
मनगटावर उरते तसली चौकट,
घासून जात नाही,
आणि पेशंट घरी गेल्यावर
कधी जाते ते आम्हाला कळत नाही.

इगतपुरी, मनमाड, मलकापूर.
इतक्या बदल्यांत मी कुठे काही लावलं नाही.
मनमाडच्या क्वार्टरात कॅलेंडरचा एक खिळा राहिला,
तेवढाच.

शेवटी नानांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यात
सात काळ्या बिया बांधून दिल्या.
"गिलकं लाय. चाळीस दिनमां पाला,
साठ दिनमां भाजी."
पैसे घेतले नाहीत.

गच्चीच्या कठड्यावरून विटा बांधून
केळीच्या सोपटाच्या दोऱ्या खाली सोडल्या.
कलम सातवं शाबूत.
भांड्यांचं पाणी बादलीत, बादली मुळाशी.
सातांतल्या चार उगवल्या,
एक शेळीने खाल्ली,
तिघी चढल्या. त्यातल्या एकीने वाटेत
माझ्या वाळत घातलेल्या ॲप्रनचा बंद धरला,
तो सोडवायला मला ड्यूटीला उशीर झाला
आणि कारण लिहिताना पेन थांबलं.

मे महिन्यात भिंतीने मला पाचला उठवलं.
एक तास.
हिशेब मांडायचा तर
दोन बादल्यांना एक तास झोप.

जूनच्या तीन तारखेला काकू भाड्याला आल्या,
भिंतीवर बोट फिरवलं, रंग तपासला,
चार कोवळी गिलकी तोडून पदरात घेतली,
दाण्याचं कूट घालते म्हणाल्या.
फाटकाशी पोचल्यावर वळून:
"मधुमालतीच लावायची होतीस ना."
मी पावतीची घडी घातली.
करारात पाच महिने उरलेले.

रविवारी पुलाकडे गेले.
नानांनी या वेळी काही विचारलं नाही,
नुसतं हाताने दाखवलं.
पिशवी तिथेच होती, त्यांनी ठेवली तिथे.
उचलायला वाकले,
तर उचलेना.
मूळ पिशवी फोडून खाली
जमिनीत शिरलं होतं.